राखीव बाकावरचा शिंपी

आमच्या मामाला अख्खी गल्ली 'परवा' म्हणते. खरं नाव विजेच्या बिलावर असतं, पण दुकानाच्या पायरीवर येणारा प्रत्येक जण "परवा आहेत का?" असंच विचारतो. विजार कधी मिळेल? परवा. कोटाचं अस्तर? परवा. नुसती चेन बदलायची होती? ती तर परवाच. एक खट आजोबा आहेत, ते काठी आपटून विचारतात, "कुठला परवा? होऊन गेलेला की यायचा?" मग मामा आधी हसून घेतो आणि नंतर बोलतो. ही त्याची पद्धतच आहे. विनोद करायच्या आधी हसून टाकायचं, म्हणजे विनोद पडला तरी हसणं पदरात पडलेलं असतं. "आजोबा, तुमच्यासाठी काल!"

यात खोटेपणा अजिबात नाही, असं मामा छातीवर हात ठेवून सांगतो. कापड कापताना शिंपी शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढेमागे गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. मामाच्या मते तारखेलाही माया सोडावी लागते. शिंप्यानं सोमवार सांगायचा, गिऱ्हाइकानं बुधवारी यायचं, विजार गुरुवारी तयार व्हायची आणि शुक्रवारी दोघांनी एकमेकांना "काय हे!" म्हणायचं. "सगळं जग असंच चालतं," मामा म्हणतो. "नाव फक्त शिंप्याचं खराब."

दुकान म्हणजे झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्यामधली फट. मामानं दोन्ही हात पसरले की डावा झेरॉक्सच्या भिंतीला लागतो आणि उजवा चष्म्याच्या. आत एक पायडलचं मशीन, एक कापडाचे काठ पक्के करायचं ओव्हरलॉक आणि एक लांब फळी. फळीवर सकाळी कापड कापलं जातं, दुपारी इस्त्री होते आणि मधल्या वेळात डबा उघडतो. तर गेल्या उन्हाळ्यात एक बॉबिन गडगडत ओव्हरलॉकच्या मागे गेली. ती काढायला मामानं मशीन एकट्यानं उचललं आणि "आई गं" म्हणून खालीच बसला. बॉबिन सापडली. जांघेत मात्र लिंबाएवढा फुगवटा आला. आडवं झालं की तो आत जायचा, उभं राहिलं की पुन्हा हजर.

कोपऱ्यावरचे डॉक्टर प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ठीके?' म्हणतात आणि उत्तर यायच्या आत पुढच्या वाक्याला हात घालतात. "हर्निया आहे, ठीके? पोटाच्या भिंतीला फट पडलीय, आतडं बाहेर डोकावतंय, ठीके? ऑपरेशनशिवाय पर्याय नाही, ठीके?"

मामानं हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे नेफा उसवलाय आणि नाडी बाहेर आलीय."

डॉक्टर अडखळले. "हो... म्हणजे तसंच. ठीके."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण एक ऐका. गोळा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर तासभरसुद्धा थांबायचं नाही. आतडं अडकलं तर जिवावर बेततं." या वाक्याच्या शेवटी त्यांनी 'ठीके' म्हटलं नाही. मामी सांगते, तेव्हाच तिच्या पोटात गोळा आला. आणि हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून तो शब्दप्रयोग घरात बंद आहे. आता काळजी वाटली तर काळजात धस्स होतं किंवा हातपाय गळतात. पोटाचं नाव काढायचं नाही.

"विमा आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं होतं. त्याची एक वेगळीच कथा आहे.

विमेवाला मामाचं आठ वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. बोलताना तो दोन्ही हातांनी हवेत एक अदृश्य छत्री उघडतो आणि दर वाक्यात एकदा तरी 'बघा ना' म्हणतो. मामानं त्याला दुकानात बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"मामा, आता बघा ना, आठ वर्षं मी फॉर्म घेऊन येतोय. तुम्ही दर वेळी काय म्हणालात?"

"परवा," मामा म्हणाला.

"आता बघा ना, आज काढलात तरी आधीपासूनचा आजार त्यात बसत नाही. तीन वर्षं जावी लागतात." छत्री मिटली.

"लिंबू तीन वर्षं थांबेल असं वाटत नाही," मामा म्हणाला. "आणि तुझी ती करडी विजार?"

"ती पण बघा ना, अजून मिळालेली नाही."

दोघंही हसले, मामा अर्थातच आधी. मामी दाराशी उभी होती, ती हसली नाही.

एका चकचकीत खाजगी दवाखान्यात जाऊन आले. तिथे खर्चाचा अंदाज लिहून देतात. कागद दुपानी होता. मामानं तो वाचला, चार घड्या घातल्या आणि दोन महिने त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. मामी म्हणाली, ओव्हरलॉक विकू. "मशीन विकून पोट शिवायचं, आणि मग ते भरायचं कशानं?" मामानं विचारलं. माझी आई ही मामाची मोठी बहीण. तिला बोलताना श्वास घ्यायची सवय नाही. "आठ वर्षं! आठ वर्षं दारात विमा चालत येत होता आणि हा आमचा शहाणा त्याला पायरीवरून परत पाठवत होता, वर त्याची विजारही देत नव्हता, अरे निदान विजार दिली असतीस तर त्यानं जबरदस्तीनं सही तरी घेतली असती!"

"ताई, तुझं म्हणणं बरोबर आहे," मामा म्हणाला. यावर आईला पुढे काही बोलता येईना, म्हणून ती रडली.

शेवटी मोठा सरकारी दवाखाना. तिथे ऑपरेशनला जवळजवळ काही पडत नाही, फक्त नंबर लागावा लागतो. तपासणाऱ्या सर्जनबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्द उचलताना त्यांना तो जड होतोय. त्यांनी सांगितलं, फटीवर आतून एक जाळी बसवतात.

मामा एकदम पुढे सरकला. "जाळी? कापडाची?"

"तसंच काहीसं. धाग्याची."

"आधी भिजवून घेतलेली असते ना?"

"काय?"

"नाही, आक्रसली तर? आत शिवून बसवल्यावर आक्रसली तर शिवण ओढली जाणार."

सर्जनबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "भिजवावी लागत नाही. आक्रसत नाही ती."

"दुकानदार असंच सांगतात," मामा म्हणाला. "पहिल्या धुण्यात खरं कळतं."

बाई हसल्या. मामीनं मामाला कोपर मारलं, पण चुकीच्या बाजूला लागेल या भीतीनं अर्ध्यातच थांबवलं.

तारीख द्यायची खिडकी सहा नंबरची. तिथल्या बाई वर न बघता बोलतात, गाडीचे थांबे वाचून दाखवल्यासारख्या. "सतरा तारीख. सोमवार. सकाळी नऊ. उपाशी. पाणीही नाही. रक्ताचे रिपोर्ट पंधरा दिवसांच्या आतले. सोबत एक माणूस. तुमचा नंबर चौतीस. पुढचा."

सतरा तारीख अकरा आठवडे लांब होती. मामा मात्र खुशीत परत आला. "तारीख मिळाली म्हणजे अर्धं ऑपरेशन झालं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला. त्यानं स्वतःसाठी जाड कापडाचा एक पट्टा शिवला, आत गादी घालून, जांघेवर दाब राहील असा. दर आठवड्याला तो पट्टा थोडा सुधारायचा. चष्मेवाल्याला दाखवायचा, झेरॉक्सवाल्याला दाखवायचा. "हात लावून बघा, शिवण कुठे बोचते का?" ते दोघं लांबूनच म्हणायचे, छान आहे, छान आहे.

खोकला आणि शिंक या दोन गोष्टींची घरात दहशत बसली. खोकलं की गोळा बाहेर येतो. मामाला शिंक येणारसं वाटलं की तो एका हातानं जांघ दाबून धरायचा. घरात ठीक होतं, पण दुकानात समोर बायका माप द्यायला उभ्या असल्या की पंचाईत. मग तो घाईघाईनं फळीमागे बसून काहीतरी शोधायला लागायचा. "टेप कुठे गेली?" असं ओरडायचा आणि शिंकायचा. टेप त्याच्या गळ्यातच असायची.

एका दुपारी आई डबा द्यायला गेली, तेव्हा दुकानाचा पडदा ओढलेला होता. आत मामा इस्त्रीच्या फळीवर उताणा पडला होता, पाय भिंतीला लावून. दोन्ही हातांनी गोळा आत दाबत होता आणि ओठांनी आकडे मोजत होता. कपाळावरून घाम कानात जात होता. आईला बघून तो हसला, नेहमीसारखा, आधी. आई थांबून राहिली. पण त्या हसण्यामागून विनोद काही आला नाही.

"किती वेळ लागतो आता?" तिनं विचारलं.

"पूर्वी वीसपर्यंत मोजायचो."

"आणि आता?"

"आकडे येतात मला पुष्कळ, ताई."

आणि एवढं असून त्या माणसानं सतरा तारखेला जे केलं ते फक्त शिंपीच करू जाणे.

झालं काय, की मामाच्या डोक्यात सतरा तारीख कधी सतरा म्हणून बसलीच नव्हती. "सतरा सांगितलीय म्हणजे एकोणीस-वीस धरा," तो म्हणायचा. "एवढा मोठा दवाखाना, माया सोडल्याशिवाय तारीख देईल का?" या हिशोबानं त्यानं एका शाळेच्या गणवेशाच्या तीस विजारी घेऊन ठेवल्या होत्या. सोळा तारखेच्या संध्याकाळी तीन राहिल्या. सतराला सकाळी सातला मामी तयार. मामा दुकानाची किल्ली घेऊन उभा.

"अहो, कुठे?"

"तीन विजारींची मोहरी तेवढी दुमडायची राहिलीय. तू पुढे हो. मी आलोच."

"नऊ सांगितलेत!"

"अगं, नऊ सांगतात म्हणजे अकराला लागतं. मला काय हे माहीत नाही? मीच आयुष्यभर सांगत आलोय."

मामी दवाखान्याच्या फाटकाशी साडेआठपासून उभी होती. पावणेनऊपासून ती फोन लावत होती. फोन दुकानात तीस विजारींच्या ढिगाखाली वाजत होता, आणि वर मशीन चालू होतं. मामा अकराला पाच कमी असताना आला, हसतमुख, पिशवी घेऊन, उपाशी, सगळे रिपोर्ट जवळ. फक्त वेळ सोडून सगळं बरोबर आणलं होतं.

"चौतीस नंबर," तो खिडकीत म्हणाला.

"चौतीस नंबर नऊ वाजता तीनदा पुकारला. नऊ वाजून पाच मिनिटांनी रद्द. जागा दुसऱ्याला दिली."

"अहो, पण नऊ म्हणजे..."

"नऊ म्हणजे नऊ."

मामी सांगते, तेव्हा मामाचा चेहरा असा झाला, की जणू आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याशी खरं बोललंय. "मग आता कधी?" त्यानं विचारलं.

"नवी तारीख अकरा आठवड्यांनी."

मामीनं खिडकीची कड धरली. ती काही मोठ्यानं बोलणारी बाई नाही. ती एवढंच म्हणाली, "अकरा आठवडे तो गोळा थांबणार नाही हो. तुम्ही पाहिला नाहीत तो."

खिडकीतल्या बाईंनी वर बघितलं. मग पुन्हा खाली बघून, त्याच आवाजात, पण जरा हळू वाचायला सुरुवात केली. "समोरचा बाक राखीव. रोज कोणी ना कोणी येत नाही. आला नाही की बाकावरचा पहिला आत. जो आधी येऊन बसेल तो पहिला. रोज उपाशी यायचं. तुमचे रिपोर्ट पंचवीसपर्यंत चालतील. त्यानंतर नवे रिपोर्ट आणि नवी तारीख. पुढचा."

तर आमचा परवामामा राखीव खेळाडू झाला.

अठराला तो पावणेनऊला पोचला, म्हणजे त्याच्या मते पहाटेच. बाकावर आधीच तिघं होते. त्यातला एक पेपरवाला सहापासून बसला होता. एक जण आला नाही, पेपरवाला आत गेला. एकोणीसला मामा साडेसातला गेला आणि दुसरा बसला. पहिली होती एक शिपाईबाई, ती आत गेली. विसाला मामा सातला गेला. पहिला! मामी फाटकाकडे तोंड करून बसली आणि येणारे मोजायला लागली. यादीत सात जण होते. नऊला दोन मिनिटं कमी असताना सहा आले होते. नऊच्या ठोक्याला एक माणूस धापा टाकत आत शिरला.

"आले! सगळे आले मेले! जरा म्हणून कोणाला उशीर होत नाही!"

"अगं, आजारी माणसांना शिव्या देऊ नये," मामा म्हणाला.

"मग काय आरती ओवाळू?"

साडेनऊनंतर आशा संपली की मामी डबा उघडायची आणि कालपासूनचा उपाशी मामा तिथेच, बाकावर, खायचा. खाऊन झालं की पाटावरून उतरल्यासारखा हळूच बाकावरून उतरून दुकानात. एकवीसलाही तेच. पहिला नंबर, आणि सगळे हजर. बावीसला शनिवार, यादी अर्धी, राखीव बाकावरून कोणीच घेत नाहीत. तेवीसला रविवार.

सकाळी बाकावर बसल्या बसल्या तो काज-बटणं करायचा, मोहऱ्या हातानं टाचायचा. आजूबाजूचे बघायचे. एकवीसला एक परिचारिका थांबली. तिच्या ॲप्रनचा खिसा फाटला होता. "हा शिवून द्याल का? कधी मिळेल?"

मामानं तोंड उघडलं. मामीला तो शब्द दिसलाच ओठांवर. मग मामानं तोंड मिटलं आणि ॲप्रन हातात घेतला. "थांबा दोन मिनिटं. आत्ताच देतो." ती गेल्यावर त्यानं सुईत नवा दोरा ओवला. मामीला म्हणाला, "पुढचा दिवस सांगायला जीभच वळेना गं." मामीनं हे आईला सांगितलं आणि आईनं आम्हाला. आम्ही सगळे आतापर्यंत गोळ्याला घाबरत होतो. त्या दिवसापासून मामाला घाबरायला लागलो. परवा न म्हणणारा मामा आमच्या घरात कोणी कधी पाहिलाच नव्हता.

चोवीसला सोमवारी सकाळी गोळा आत जाईना. मामी सहाला उठली तर मामा जमिनीवर पाय वर करून पडलेला. लिंबाचं आता संत्रं झालं होतं, आणि हात लावला तर टणक. मामीनं चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. "उलटी होतेय का? सांगा ना! मळमळतंय का?" मामा मान हलवून नाही म्हणत राहिला. वीस मिनिटांनी एकदाचा तो आत सरकला. मामाचा घामानं चिंब झालेला सदरा बदलला आणि दोघं बाहेर पडले. बाकावर बसायला पावणेआठ झाले. नशिबानं मामा पहिलाच होता. आज चोवीस. उद्या पंचवीस. त्यानंतर रिपोर्टही शिळे.

नऊ वाजले. खिडकीतून आवाज सुरू झाला. अडतीस, हजर. एकोणचाळीस, हजर. चाळीस, हजर. "एक्केचाळीस."

कोणी उठलं नाही.

"एक्केचाळीस." मामीनं मामाच्या हातातली विजार घट्ट धरली. मामाच्या सुईतून दोरा निघून गेला, तरी त्याचा हात शिवतच राहिला. "एक्केचाळीस."

खिडकीतल्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सगळा बाक घड्याळाकडे बघायला लागला. ती पाच मिनिटं मामी आजही करून दाखवते. डोळे घड्याळावर, मान फाटकाकडे, आणि तोंडातल्या तोंडात, "येऊ नको, येऊ नको, बाबा, कोण असशील तो, जिथे असशील तिथे सुखात राहा, पण येऊ नको."

"बाक. पहिला."

मामा उठला. खिडकीवर त्यानं अंगठ्यानं पानं सरळ करून कागद दिले. हातात नावाची पट्टी बांधली गेली, अंगात मागून बांधायचा सदरा आला. ("बंद चुकीच्या जागी लावलेत यांनी," एवढं तो बोललाच.) त्याला चाकांच्या खाटेवर बसवून दाराच्या आतल्या बोळात ठेवलं, मामी शेजारी उभी. नऊ वाजून वीस मिनिटं झाली असतील, बाहेरून एक आवाज आला.

बाईचा आवाज होता, धाप लागलेला. "एक्केचाळीस नंबर माझा! अहो, बस बंद पडली, मी निम्मा रस्ता चालत आले, पित्ताचे खडे आहेत माझे, दोन महिने थांबलेय मी, वीस मिनिटांचं काय घेऊन बसलात? नऊ म्हणजे..."

"नऊ म्हणजे नऊ," खिडकी म्हणाली.

मामाची मान दाराकडे वळली. दाराला गोल काच होती. काचेतून एक पन्नाशीची बाई दिसत होती, नखांत माती, पायात रोपवाटिकेतले रबरी बूट. ती कामावरूनच निघाली असावी. मामा बघत राहिला. त्याला काय दिसत होतं ते मामीला सांगायची गरज नव्हती. आठवड्यापूर्वी त्याच खिडकीसमोर, त्याच जागी, तेच वाक्य अर्धवट सोडून तो उभा होता. आणि त्याची बस काही बंद पडली नव्हती. तो तीन विजारींसाठी थांबला होता.

"अगं," तो म्हणाला, "बोलू का मी?"

"काय बोलणार?"

"की..."

मामीनं खाटेची कड धरली. "आज वीस मिनिटं लागली आत जायला. उद्या चाळीस लागतील. परवा जाणारच नाही."

मामा हसला नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. वॉर्डबॉय आला, त्यानं ब्रेक काढला. "घेऊ ना आत?" त्यानं विचारलं, नेहमीचं, उत्तर नको असल्यासारखं. मामानं पुन्हा एकदा काचेकडे बघितलं आणि म्हणाला, "घ्या." खाट बोळातून वळेपर्यंत त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मामी बाहेर आली. बाकावर जागा एकच होती, त्या बाईच्या शेजारी. मामी बसली. आई दहाला पोचली, तेव्हा दोघी एकमेकींकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. बाईनं शेवटी विचारलं, "तुमचं कोण आत आहे?"

"मिस्टर."

"किती नंबर?"

खोटं बोलायला मामीला जागा होती. बाकावरून गेला हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. पण मामी म्हणाली, "नंबर नव्हता. तुमचा मिळाला."

आई सांगते, तेव्हा तिला वाटलं आता भांडण होणार, आणि तिनं पदर खोचला. बाईनं मामीकडे नीट बघितलं, आधी चेहऱ्याकडे, मग तिच्या मांडीवरच्या अर्धवट शिवलेल्या विजारीकडे. विजारीची मोहरी मामीनं पिळून दोरी केली होती.

"काय झालंय त्यांना?"

मामीनं सांगितलं. सकाळची वीस मिनिटंही सांगितली. मग तिनं डबा काढला. मामा आज खाणार नव्हता, आणि बाईचा उपास फुकट गेला होता. बाईनं आधी नको म्हटलं, मग एक घास घेतला, मग नीट मांडी घालून जेवली. हात पुसत म्हणाली, "झालं ते झालं. आता नीट होऊन बाहेर येऊ दे त्यांना. माझी जागा घेतलीय, ती वाया जायला नको."

"नाही जाणार," मामी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

"रडता काय? जागा माझी गेली, रडताय तुम्ही!"

मग तिघीही हसल्या, घाबरून हसतात तशा, पटकन संपणारं हसू. त्यानंतर दोन तास तिघी दाराकडे डोळे लावून बसल्या. दार उघडलं की तिघींच्या माना वळायच्या. एकदा रिकामी खाट आली, एकदा बादली घेऊन कोणी आलं, एकदा तर नुसताच वारा आला. एका अर्धवट मिटलेल्या दारामागून कोणीतरी "अजून रक्त आणा" म्हटल्यासारखं ऐकू आलं आणि मामी उभीच राहिली. रक्त नाही, "अजून एक तक्ता आणा" म्हणाले, असं आईनं तीनदा शपथेवर सांगितलं, तेव्हा ती बसली.

एकच्या सुमारास सर्जनबाई बाहेर आल्या. टोपीखालून केस घामानं चिकटलेले. मामी उठली, विजार जमिनीवर पडली.

"झालं," बाई म्हणाल्या. "आतडं थोडं सुजलेलं होतं, पण ठीक आहे. आज आले ते बरं झालं. पुढे ढकललं असतं तर मला वेगळं ऑपरेशन करावं लागलं असतं." जाता जाता वळल्या. "अर्धवट गुंगीत ते मला विचारत होते, जाळीचे काठ ओव्हरलॉक केलेत का म्हणून."

मामीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईनं खाली पडलेली विजार उचलली, झटकली आणि कारण नसताना तिची घडी घालायला लागली.

रोपवाटिकेतली बाई बाकाच्या कडेला सरकून बसली होती. "काय म्हणाल्या?"

"झालं," मामी म्हणाली. "नीट आहेत."

बाईनं मान डोलावली. बूट जमिनीवर एकदा आपटले, माती झटकायला. "बरं. मग आता मला सांगा, उद्या किती वाजता यायचं?"

"सातला या. साडेसात म्हणजे उशीर. आणि खिडकीकडचं टोक धरायचं, तिथून पहिला मोजतात." मामी थांबली. "मी यांच्यासाठी चहा घेऊन साडेसहालाच येतेय. तुमची जागा धरून ठेवते."

"धरून ठेवा हां," बाई उठता उठता म्हणाली. "कोणी कितीही रडलं तरी सोडू नका."